एकदा बाही वर कर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

कोपरांवरचे सोरायसिसचे चट्टे फिके पडले, काळा शर्ट घातला तरी खांद्यावर खपल्या दिसत नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं. पण 'कातडी साफ झाली की गोळ्या बंद, विषय संपला' ही ओळ मनाला लागून राहिली.

अरे, हा आजार कातडीपुरता नाही. मला हे कळलं ते सोरायसिस होऊन अकरा वर्षं झाल्यावर. नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली की मी हात मागे घ्यायचो. चट्टे तिला दिसू नयेत, एवढंच. "मला बीपी नाही" म्हणत दरवेळी सुटायचो. एका नर्सने मात्र ऐकलं नाही. हलक्या हाताने बाही वर सरकवली आणि पट्टा बांधला. आकडा आला १६० वर १००. तेव्हा मी सोरायसिससाठी सायक्लोस्पोरिन घेत होतो. त्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, तो मोजत राहावा लागतो, हे मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. याचा राग अजून जात नाही.

त्वचेत जो दाह चालतो, त्यामागची टीएनएफ, आयएल-१७ ही द्रव्यं रक्तातूनही फिरतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्यांचा त्रास होतो, तिथे चरबीचे थर साचायला वाव मिळतो. २००६ साली ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत हार्ट अटॅकचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला.

मग उपचारांनी वाहिन्याही सुधारतात का? मी आशेने वाचत गेलो. ही द्रव्यं अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्यांतला मऊ थर वर्षभरात कमी झाल्याचं स्कॅनमध्ये दिसलंय. पण त्यातल्याच अडालिमुमॅबची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनशी, तुलना केली, तेव्हा महाधमनीतल्या दाहात फरक पडला नाही. तुझ्या गोळीचं, मेथोट्रेक्सेटचं म्हणशील, तर २०१८ मध्ये हृदयरोग्यांवरच्या मोठ्या चाचणीत कमी डोसने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. ते रुग्ण सोरायसिसचे नव्हते, तरी त्या गोळीच्या भरवशावर हृदय सोडू नकोस.

गोळ्या मनाने बंद करू नकोस. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, हेही विसरू नकोस. रोज घेतल्या तर जिवावर बेतेल. कोलेस्टेरॉल आणि साखर तपासून घे. सिगारेट सोड, मी हात जोडतो.

पुढच्या तपासणीला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जा. आकडा किती आला ते त्याच दिवशी कळव, मी वाट बघतोय.

तुझा,
मोहन