कोड सौंदर्याच्या पानावर का?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत कोड आणि वांग यांवरचा लेख वाचला. माहिती बरी होती, पण लेख छापला होता सौंदर्याच्या पानावर, नखांची निगा आणि केसांचे तेल यांच्या मधोमध. मी बँकेत रोखपाल आहे. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर आणि डोळ्यांभोवती कोड आहे.

काउंटरवर लोकांची नजर नोटांआधी माझ्या बोटांवर जाते. काही जण पैसे हातात घेत नाहीत, 'तिथेच ठेवा' म्हणतात. कोड लागट नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, एवढेच. पण मागे रांग लागलेली असताना हे कुणाला सांगत बसणार?

उपचारांतली नॅरोबँड यूव्हीबी (ठरावीक पट्ट्यातली अतिनील) किरणे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने घ्यावी लागतात. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, "ब्यूटी ट्रीटमेंटला रजा?" आपल्या पानाची मांडणी पाहून मला त्यांचीच आठवण झाली. त्यांचा तरी काय दोष म्हणा! माझ्या पहिल्या डॉक्टरांनीही खाज नाही, दुखत नाही हे ऐकून 'मग त्रास काय?' असे विचारून विषय संपवला होता.

त्रास काय, हे विचारण्याची रीत कधीची ठरलेली आहे. 'डर्मॅटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली १९९४ पासून आहे. एकूण गुण ३०. जितके जास्त, तितके जगणे अवघड. पहिला प्रश्न खाज-वेदनेचा, तिथे मला शून्य. पुढे मात्र संकोच वाटला का, त्वचेमुळे कपडे बदलावे लागले का, कामात, जवळच्या नात्यांत अडचण आली का, असे एकेक विचारले आहे. उपचारांचाच, म्हणजे त्यात वेळ जाण्याचा वगैरे, किती त्रास झाला, हेसुद्धा! नव्या डॉक्टरांनी हा कागद भरून घेतला आणि मगच उपचारांचे बोलल्या. चेहऱ्यावर रंग परतण्याची शक्यता बरी, बोटांच्या टोकांवर फार कमी, कारण रंगपेशी बहुधा केसांच्या मुळांतून परत येतात आणि तिथे केसच नसतात. हे आधीच स्पष्ट कळल्याने बोटांची आशा मी सोडली. डोळ्यांभोवती रंग भरतो आहे.

तेव्हा पुढचा लेख आरोग्याच्या पानावर घ्यावा आणि या प्रश्नावलीची माहितीही द्यावी, ही विनंती.

वांगाबद्दल एक राहून गेले. माझ्या बहिणीने कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइड असलेले गोरेपणाचे मलम बरेच महिने लावले. वांग गेला नाहीच, वर गालांची त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या. आपल्या लेखात मलमांचा उल्लेख होता, ही सूचना नव्हती.

– एक वाचक