तुमच्या मोरीत जातं ते माझ्या काहिलीत

अंडरहिलजवळ, व्हरमाँट
२८ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी मेपलच्या झाडाच्या गोड रसाचं सिरप, म्हणजे आटवलेला पाक, कसं करते ते सांगत होते, तेव्हा बाबांनी विचारलं, "पाणी यंत्रानं काढायचं, तर मग त्यात आगीचं काय राहिलं?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून घाईनं फोन ठेवला. बाहेर पातेल्यात रस उतू चालला होता. एक थेंब लोणी टाकल्यावर फेस बसला, पण बाबांचा प्रश्न मनातून गेला नाही. फोनवर हे नीट सांगता येत नाही. मधेच आवाज तुटतो आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी झाडांचं सांगते. आमच्या घरामागे मेपलची चौदा मोठी झाडं आहेत, त्यांना आम्ही वीस नळ्या लावतो. इथे मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे गावसभेचा दिवस, आणि जुनी माणसं त्याच सुमाराला झाडाला भोक पाडायची. भोक जेमतेम आठ मिलिमीटर रुंद आणि दीड-दोन इंच खोल. आई, तू विचारलं होतंस की झाडाला त्रास होत नाही का. बारीक झाडाला आम्ही हात लावत नाही, गेल्या वर्षीच्या भोकाजवळ पुन्हा पाडत नाही, आणि हंगाम संपला की नळी काढून घेतो. ती जागा झाड स्वतःच बंद करतं. शिंदीची नीरा काढतात तसंच हे, फक्त कोयता न लावता.

रात्री पाणी गोठलं पाहिजे आणि दिवसा ऊन पडून वितळलं पाहिजे, तेव्हाच रस वाहतो. थंडीत खोडातली हवा आक्रसते, झाड मुळांतून पाणी ओढून घेतं. दिवसा ऊब लागली की आत दाब तयार होतो आणि नळीतून थेंब पडू लागतात. नुसतीच थंडी किंवा नुसतीच ऊब असली तर बादली कोरडी. चांगल्या दिवशी वीस नळ्यांतून शंभर लिटरपर्यंत रस येतो. रंग पाण्यासारखा, चव जवळजवळ पाण्यासारखी. पहिल्यांदा चाखला तेव्हा मला वाटलं, शेजारच्या आजोबांनी मला चुकून पाण्याची बादली दिली.

आता खरा मुद्दा. बाबा, आपल्या उसाच्या रसात शंभरात सोळा ते वीस भाग साखर असते. पाच-सहा लिटर रस आटवला की किलोभर गूळ हातात येतो. मेपलच्या रसात साखर शंभरात दोन भाग. लिटरभर सिरपला चाळीस-त्रेचाळीस लिटर रस लागतो. म्हणजे बेचाळीस लिटर पाणी वाफ करून हवेत सोडायचं. इथली माणसं साधं गणित करतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यानं भागायचं, येईल तेवढे भाग रस एक भाग सिरपला लागतो. दोन टक्के असेल तर त्रेचाळीस. चार टक्के असेल तर साडेएकवीस. माझी सगळी खटपट या दोनापासून चारापर्यंत, आणि जमलं तर पाचापर्यंत पोचण्याची आहे.

आजोबांचं गुऱ्हाळ आठवा. एका बाजूला चरकातून रस काहिलीत यायचा, दुसऱ्या बाजूला चिपाडं उन्हात वाळत पडायची, आणि तीच वाळलेली चिपाडं चुलवणात जायची. ऊस आपलं जळण स्वतःच घेऊन यायचा. तुम्ही कधी गुळासाठी लाकूड विकत आणल्याचं मला आठवत नाही. मेपलला चिपाड नसतं, बाबा. रस येतो तो नुसता रस. प्रत्येक वाफेसाठी वेगळं लाकूड तोडायचं, फोडायचं, वर्षभर वाळवायचं. आमच्या उघड्या चुलीवर लिटरभर सिरपला वीस-पंचवीस किलो लाकूड सहज जळतं. पहिल्या वर्षी हंगामाच्या मध्यालाच आमची लाकडाची रास संपली, आणि घर गरम ठेवायला आणलेलं लाकूड मी चुलीत घातलं. रस देणारी झाडं उभी ठेवायची आणि त्यांचं पाणी उडवायला दुसरी झाडं कापायची, हे मला फार टोचलं. त्या उन्हाळ्यातच मी ठरवलं की निम्मं पाणी तरी आगीशिवाय काढायचं.

ही कल्पनाही माझी नाही, आणि नवीही नाही. इथले मूळ रहिवासी अबेनाकी आणि त्यांच्या आसपासचे लोक गोऱ्यांच्या आधीपासून मेपलची साखर करत. रस उघड्या भांड्यात रात्रभर ठेवायचा. वर बर्फ जमतो तो बहुतेक नुसत्या पाण्याचा असतो, तो काढून टाकायचा आणि खालचा गोड रस उकळायचा. मी अजूनही थंडीच्या रात्री बादल्यांवरचा बर्फ फेकते. पाणी आधी काढून घ्यायचं, मग आग लावायची, हा क्रम त्यांचाच.

माझं यंत्र म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेलं आरओच आहे, फक्त उलट वापरलेलं. मेंब्रेनच्या, म्हणजे आतल्या बारीक पडद्याच्या, एका बाजूला पाणी दाबानं ढकलायचं; पाणी पलीकडे जातं, बाकीचं अलीकडे राहतं. तुम्ही पलीकडचं पिता आणि अलीकडचं मोरीत सोडता. मी अलीकडचं काहिलीत घेते आणि पलीकडचं पाणी यंत्र धुवायला ठेवते. आई, तुमच्या मोरीत जे जातं ते इथे सोनं आहे, एवढं लक्षात ठेवलंस तरी सगळं कळेल.

बाबांना हेही आवडेल: हे मेंब्रेन घडवणाऱ्या दोघांपैकी एक आपल्याकडचे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी असा पडदा तयार केला की ज्यातून खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी उपयोगी पडेल इतक्या वेगानं निघेल. साठच्या दशकातच इथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तो मेपलच्या रसावर लावून पाहिला. आज मेपलचं सिरप करणारे बहुतेक मोठे व्यापारी त्याशिवाय काम करत नाहीत. त्यांची यंत्रं मोठी आणि महाग. आमच्यासारख्या वीस नळ्यांच्या घरांनी पाण्याच्या फिल्टरचे सुटे भाग जोडून आपापलं बनवायचं.

मी जोडलं ते असं. रस आधी कापडातून, मग बारीक गाळ अडवणाऱ्या पाच मायक्रॉनच्या सेडिमेंट फिल्टरमधून. तिथून पंप, त्याचा दाब शंभर पीएसआयच्या (हे दाब मोजायचं माप) आसपास. मग चार मेंब्रेन एकापुढे एक, पहिल्याचा गोड रस दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. शेवटी बारीक फिरकीचा व्हॉल्व्ह. घरच्या आरओत तिथे ठरावीक मापाचं, प्रवाह अडवणारं रिस्ट्रिक्टर असतं, मेकॅनिक त्याला एफआर म्हणतो. मला मात्र तो प्रवाह हातानं कमी-जास्त करता यायला हवा. व्हॉल्व्ह आवळला की दाब वाढतो, पाणी जास्त निघतं, रस घट्ट होतो. नळ्या आणि टाक्या सगळ्या खाण्याच्या पदार्थाला चालतील अशाच घेतल्या. या यंत्रातून पाण्याशिवाय आणि रसाशिवाय आजवर दुसरं काही गेलेलं नाही.

घट्ट करायलाही मर्यादा आहे. साखर पाण्याला धरून ठेवते. दोन टक्क्यांच्या रसातून पाणी सुटायला वीस पीएसआयच्या वर दाब लागतो, चार टक्क्यांना चाळीसच्या वर, आठ टक्क्यांना ऐंशीच्या वर. माझ्या लहान पंपाला पाचाच्या पुढे दम लागतो. रस थंडगार असतो, त्यामुळे मेंब्रेनवर छापलेला आकडा निम्म्यावर येतो. तरी तासाला तीसेक लिटर पाणी निघतं. शंभर लिटर रसाचे दोन-अडीच तासांत चाळीस लिटर होतात आणि वीज लागते पाव युनिटाच्या आसपास. त्या साठ लिटरांसाठी मला पाच तास चुलीपुढे बसावं लागे. आई, रात्री जागू नकोस म्हणून तू ओरडायचीस ना, ते पाच तास मी आता झोपते.

यंत्राच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. रात्री काम संपलं तेव्हा हात बधिर झाले होते. मी पंप बंद केला आणि यंत्र शेडमध्येच ठेवून झोपले. आत राहिलेलं पाणी गोठलं. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक चालल्यासारखं दिसलं, पण रस काही घट्ट होईना. शेवटी बाहेर जाणारं पाणी जिभेवर ठेवलं तर ते गोड. एक मेंब्रेन बर्फानं फाटलं होतं आणि अर्ध्या दिवसाचा रस मी स्वतःच्या हातानं गटारात सोडला होता. खूप रडले, बाबा. झाडानं दिलेलं होतं ते. तेव्हापासून यंत्र रोज घरात आणते, आणि चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे पलीकडचं पाणी तपासायचं. त्यात साखर शून्य दिसली पाहिजे.

धुण्याचंही सांगते, कारण तुमच्या मेकॅनिकला याचा उपयोग होईल. काम संपलं की त्याच यंत्रानं काढलेलं शुद्ध पाणी पुन्हा आतून फिरवायचं, म्हणजे साखर आत राहत नाही आणि बुळबुळीत थर धरत नाही. क्लोरीन लावायचं नाही, त्यानं मेंब्रेन खराब होतं. नवीन मेंब्रेन आलं की तासभर तरी नुसतं पाणी वाहून जाऊ द्यायचं. आणि घट्ट केलेला रस साध्या रसापेक्षा लवकर आंबतो, म्हणून तो त्याच दिवशी चुलीवर गेलाच पाहिजे. हा नियम मी मोडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आगीचं काय राहिलं?

सगळं राहिलं. यंत्रातून आलेला पाच टक्क्यांचा रसही पाण्यासारखाच असतो, ना रंग ना वास. मेपलची चव झाडात नसते, ती आगीवर तयार होते. आणि सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा रस दाटत येतो आणि साखर तापून रंग धरते. आपल्याकडेही रस पहिला तासभर नुसता उकळत असतो. गुळाचा वास वाड्यापर्यंत यायचा तो शेवटी शेवटी. तोच शेवट मी अजून आगीवर करते. आमच्या गावाजवळच व्हरमाँट विद्यापीठाचं मेपल संशोधन केंद्र आहे, १९४६ पासूनचं. तिथल्या लोकांनी आरओ केलेल्या आणि न केलेल्या रसाचं सिरप करून माणसांना चाखायला दिलं; चवीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. शेजारचे आजोबा मात्र म्हणतात, पूर्ण आगीवरचं ते आगीवरचं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मी चाखल्या, मला वेगळं ओळखता आलं नाही.

शेवटची घडी फार नाजूक. पाणी उकळतं त्याच्या चार अंश वर गेलं की सिरप झालं. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून सकाळी आधी साधं पाणी उकळून तापमापी बघते. तरी माझा जास्त भरवसा पळीवर आहे. पळी उचलून कडेनं ओतली की आधी थेंब थेंब पडतात. सिरप झालं की दोन थेंब एकमेकांना धरतात आणि पदरासारखे एकत्र सुटतात. आजोबांचा गुळव्या थंड पाण्यात पाक टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा, आणि सगळे श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघायचे. पळीचा पदर सुटतो तेव्हा मला दर वेळी तो आठवतो. मग गरम असतानाच जाड नमद्यातून गाळायचं. तळाला बारीक वाळू राहते, झाडातल्या क्षारांची. आपल्या मळीसारखीच तीही काढावी लागते, नाहीतर बाटलीत खाली बसते.

चव विचाराल तर काकवी. आपल्या काकवीपेक्षा पातळ, थोडी लाकडाची, थोडी भाजलेल्या साखरेची. हंगामाच्या सुरुवातीची फिकी सोनेरी, आता मार्चअखेरची गडद. मला गडदच आवडते. परवा पाडवा आहे. इथे कडुलिंब मिळत नाही, पण यंदा गुढीच्या नैवेद्याला पुरणपोळी आणि वरून हीच धार. मे महिन्यात दादा येतोय, त्याच्याकडे दोन बाटल्या देते. बाबा, साखर वाढते हे मला माहीत आहे, तुमच्यासाठी चमचाभरच. पण चमच्याच्या पाठीवर घेऊन, उजेडाकडे धरून, मग चाखा आणि मला खरं सांगा.

आणि एक मागायचं आहे. माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे आजोबांचा मळी काढायचा लांब दांड्याचा झारा आहे. इथे मिळतात ते हलके आणि आखूड, फेस काढताना हात भाजतो. बाबांनी शिडीवर चढू नये, गुडघा अजून पूर्ण बरा नाही. शेजारच्या पोराला सांगा. चिंचेनं घासून दादाकडे द्या. दांडा मोठा आहे, बॅगेत तिरका बसेल.

तुमची,
धाकटी