लाटांच्या वेळापत्रकाने केलेले चित्रीकरण

पणजी,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. देवबागच्या खाडीत तुझ्या भावाने कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, शिकवण्याचे जे काम आरंभले आहे, त्याची जाहिरात तू स्वतः चित्रित करणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर आम्ही नुकतीच एका सर्फिंग शाळेची जाहिरात केली. त्यात काय काय अडले आणि ते कसे सोडवले हे सविस्तर लिहायला तू सांगितले आहेस. संकलन कालच संपले असल्यामुळे सगळे अजून ताजे आहे.

काम पंचेचाळीस सेकंदांच्या जाहिरातीचे होते. शाळेसाठी जाहिरात संस्थेने लिहिलेल्या पटकथेत पहिलेच दृश्य दोन पुरुष उंचीच्या, नळीसारख्या वळणाऱ्या निळ्या लाटेचे होते. माघात गोव्याला अशी लाट येत नाही. तेव्हा ती गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी असते. समुद्र खरोखर मोठा होतो तो पावसाळ्यात, आणि त्या दिवसांत शिकाऊ माणसाला पाण्यात उतरू देण्याचा प्रश्नच नसतो. त्यावर संस्थेने इंडोनेशियातील लाटेचे तयार दृश्य विकत घेऊन जोडावे असे सुचवले. मी नकार दिला, आणि हा नकार नुसत्या तत्त्वासाठी नव्हता. ही शाळा ज्यांना शिकवते ती माणसे म्हापशाची, बेळगावची, पुण्याची, आयुष्यात प्रथमच बोर्डावर पोट टेकणारी. ती लाट पाहून त्यांच्यापैकी निम्मी घाबरून येणारच नाहीत, आणि जी येतील त्यांना आपल्याला भलतेच काही दाखवले गेले असे वाटेल. शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाला हे लगेच पटले. त्याने स्वतःच सांगितले की नवशिक्याला तो फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसातच शिकवतो. तेव्हा ठरले की फेसच दाखवायचा, आणि एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा बोर्डावर उभा राहतो ते खरेखुरे टिपायचे. पुढच्या साऱ्या अडचणी या एका निर्णयातून निघाल्या, कारण पहिल्यांदा उभे राहणे एकदाच घडते. त्याचा दुसरा टेक नसतो.

त्यामुळे तारखा आमच्या सोयीने ठरवून चालणार नव्हते. तुझ्या आजोबांनी आपल्याला लहानपणी शिकवलेला हिशेब आठवतो का? तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तो हिशेब मुंबईच्या बाजूचा. गोव्यात भरती त्याच्या पाऊण-एक तास आधी येते, एवढी दुरुस्ती केली की तो आजही उपयोगी पडतो. त्या किनाऱ्यावर पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा आहे. पूर्ण ओहोटीला लाट त्यावर एकदम आदळून कोसळते आणि पूर्ण भरतीला त्यावरून न फुटताच निघून जाते. शिकवण्यासाठी चांगली लाट मिळते ती पाणी चढत असताना, अर्ध्या भरतीच्या सुमारास. दुसरी अट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, त्यांचा अर्थ मला या कामात खऱ्या अर्थाने कळला. सकाळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, आणि साडेदहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की सारा समुद्र खडबडीत होऊन जातो. तिसरी अट उजेडाची. आपल्या किनाऱ्यावर सूर्य मागून, माडांच्या वरून येतो, म्हणून सूर्योदयानंतरही पाऊण तास वाळू सावलीत राहते, मात्र त्यानंतर समुद्रावर पडणारा तिरपा समोरचा उजेड अतिशय सुंदर असतो.

या तिन्ही अटी एकत्र मांडल्यावर उत्तर एकच आले. अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत सकाळी पाणी उतरत असते, म्हणून ते दिवस बाद झाले. माघी पौर्णिमा, वद्य प्रतिपदा आणि द्वितीया या तीन दिवशी अर्धी भरती अनुक्रमे साधारण आठ, पावणेनऊ आणि सव्वानऊला येत होती. रोज पावणेआठ ते दहा एवढाच वेळ हाती होता, म्हणजे तीन दिवसांचे मिळून पावणेसात तास. चाळीस माणसांच्या कामाचे वेळापत्रक एवढ्या तासांत बसवायचे म्हणजे दुपारचे दृश्य कोणते, बोर्ड स्वच्छ करण्याचे दृश्य केव्हा, मुलाखत कोठे, हे सारे त्या सव्वादोन तासांच्या बाहेर ढकलावे लागले. मी दोन याद्या केल्या, एक लाट असलेल्या सकाळची आणि दुसरी लाट नसलेल्या सकाळची. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राचा अंदाज रोज संध्याकाळी पाहून दुसऱ्या दिवसाची यादी ठरवत असू.

परवानग्यांचे थोडक्यात सांगतो. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी पणजीच्या एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावे लागते, आणि कागद वेळेवर दिले तर काम होते. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल भागात येते हे आधी पाहावे. २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात ही तपासणी टाळताच येत नाही. ड्रोनचे दृश्य मात्र आम्ही शेवटी एकच ठेवले, कारण वरून पाहिले की लाट सपाट दिसते आणि तिची उंची पूर्णपणे हरवते. पटकथेत रात्री किनाऱ्यावर शेकोटीभोवती गाणे म्हणण्याचा एक प्रसंग होता. शेजारच्या मोरजीच्या वाळूत याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी ती आमच्या दिव्यांकडे आली असती. तो प्रसंग मी वाचताक्षणी काढून टाकला, आणि त्याबद्दल कोणाशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. पाण्यातला कॅमेरा जलरोधक पेटीत ठेवून छायालेखक स्वतः पोहत चित्रण करणार होता. पहिल्या सकाळी आम्ही ती पेटी किनाऱ्यावरच्या तंबूत बंद केली. हवा दमट होती, पेटी अर्धा तास उन्हात राहिली, चालू कॅमेऱ्याने आतली हवा आणखी गरम झाली, आणि समुद्राच्या पाण्याने पुढची काच गार होताच तिच्यावर आतून धुके धरले. त्या दिवसाची सर्वांत चांगली पंचवीस मिनिटे अशी गेली. उपाय सोपा होता. रात्रीच वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत, सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवून, रबरी कड्यावर वाळूचा कण किंवा केस नाही ना हे बोटाने चाचपून पेटी बंद करायची, आणि पाण्यात जाईपर्यंत तिच्यावर ओला पांढरा पंचा टाकून सावलीत ठेवायची. बाहेरून काचेवर थेंब राहू नयेत म्हणून छायालेखक काच जिभेने चाटून पाण्यात बुडवतो. ऐकायला विचित्र वाटते, पण पाण्याचा पातळ सलग थर राहतो आणि थेंब धरत नाहीत.

पण या उपायातून नवी अडचण उभी राहिली. पेटी किनाऱ्यावर उघडायची नाही, म्हणजे एकाच बॅटरीवर आणि एकाच कार्डावर सव्वादोन तास निभवायचे. कॅमेरा सतत चालू ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केव्हा सुरू करायचा हे छायालेखकाला किनाऱ्यावरून कळवणे भाग होते. वॉकीटॉकी पाण्यात चालत नाही आणि फुटणाऱ्या लाटांच्या आवाजात हाक पोहोचत नाही. आम्ही ‘थांबा’ म्हणून लाल आणि ‘सुरू’ म्हणून पिवळा बावटा केला होता. पहिलाच लाल बावटा वर गेला तसा जीवरक्षक धावत आला. त्याचे म्हणणे अगदी रास्त होते. किनाऱ्यावर लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरू नका, आणि लाल-पिवळा म्हणजे येथे पोहा, मग आमच्या बावट्यांनी शंभर पावलांवरच्या पर्यटकांनी काय समजायचे? मी त्याची क्षमा मागितली आणि पर्याय त्यालाच विचारला. त्याने सुचवलेली युक्ती आम्ही शेवटपर्यंत वापरली. वाळूवर एक निळा बोर्ड उभा धरला की कॅमेरा सुरू, आडवा केला की बंद. नऊ फुटांचा बोर्ड पाण्यातून कोठूनही दिसतो. आणीबाणीची खूण मात्र वेगळी ठेवली आणि ती फक्त जीवरक्षकाच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत होता. लाट नसलेल्या सकाळची यादी त्या दिवशी उपयोगी पडली. वाळूवर पालथे पडून उठण्याचा सराव, घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, बांधणारे हात, पाण्यातून वल्हवल्यासारखे हात मारत जाणारा बोर्ड, अशी सारी जवळची दृश्ये त्या दिवशी झाली. त्याच सकाळी एका रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, ओढ आमच्या ठरलेल्या जागेवर आली. माझा एक सहायक त्यांना बाजूला व्हायला सांगणार होता, त्याला मी थांबवले. ती जागा त्यांची होती, आम्ही दोन तासांचे पाहुणे होतो. आम्ही सामान उचलून उत्तरेला सरकलो आणि रापण ओढून झाल्यावर त्यांच्यातील एका वयस्क रापणकाराशी बोलत बसलो. ओहोळाचे तोंड गेल्या पावसाळ्यात सरकले असून वाळूचा उंचवटाही त्याच्याबरोबर उत्तरेला गेला आहे, हे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. आम्ही पहिल्या दिवशी ज्या जागी उभे होतो, तिच्यापेक्षा साठ-सत्तर पावले पलीकडे लाट अधिक नीट फुटत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही तिकडेच गेलो.

चित्रचौकटीची एक गोष्ट तुलाही लागू पडेल. शाळेला जाहिरात आडवी आणि मोबाइलसाठी उभी अशी दोन्ही हवी होती. मुरलेला सर्फर लाटेवरून तिरपा जातो, तेव्हा उभ्या चौकटीतून तो दोन सेकंदांत बाहेर पडतो. नवशिका मात्र फेसाबरोबर सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे येतो, आणि उभी चौकट त्याच्यासाठीच केल्यासारखी शोभते. लांब भिंग पाण्याच्या पातळीवर ठेवले तर गुडघ्याएवढी लाटही डोंगरासारखी दाखवता येते, म्हणून प्रत्येक चौकटीत लाटेशेजारी उभा असलेला एक माणूस ठेवायचा असा नियम मी केला, म्हणजे पाहणाऱ्याला तिची खरी उंची कळेल.

तिसऱ्या दिवशी लाट आली. आमची विद्यार्थिनी पन्नाशी ओलांडलेली परिचारिका होती आणि तोवर तिला आम्ही मुद्दामच पाण्यात नेले नव्हते. किनाऱ्यावर दोन कॅमेरे, पाण्यात एक. पाण्यातल्या छायालेखकाने बोर्डाच्या वाटेत कधीही यायचे नाही, बाजूला किंवा मागेच राहायचे, असे ठरलेले होते. पाच वेळा ती पडली. दर वेळी निळा बोर्ड उभा राही आणि आडवा होई. सहाव्या वेळी ती गुडघ्यांवर आली, हात सोडले आणि उभी राहिली. किनाऱ्यावरच्या दोन्ही कॅमेऱ्यांसमोर नेमका त्याच क्षणी फेसाचा पडदा आला, आणि ती दिसली ती कमरेच्या वर, तीही अस्पष्ट. माझ्या काळजात धस्स झाले. दुपारी पाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. त्यात तिची पाठ होती, पण अलीकडे बोर्ड ढकलून नुकतेच हात वर घेतलेला प्रशिक्षक होता, छातीभर पाण्यात, ओंजळ अजून उघडीच, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी कोणाला सांगून करवून घेऊ शकलो नसतो. जाहिरात आता त्या चेहऱ्यावर संपते. संस्थेने मोठ्या लाटेची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आता तुझ्या कामाविषयी. तू चैत्र शुद्ध अष्टमीची सकाळ धरली आहेस, ती कृपा करून बदल. त्या दिवशी भरती पहाटेच होऊन जाईल आणि तू चित्रीकरण करशील त्या वेळी कर्ली नदीचे पाणी देवबागच्या मुखाकडे उतरत असेल. भांगात ओढ कमी असली तरी तिची दिशा समुद्राकडेच असते, आणि नवशिक्यांच्या कयाक हळूहळू तुझ्या चौकटीतून आणि तुझ्या भावाच्या हातून निसटत जातील. त्याऐवजी पाडवा किंवा त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ घे. पाणी दुपारपर्यंत खाडीत शिरत राहील आणि दमलेल्या माणसाला आपसूक आत, तारकर्लीच्या बाजूला आणून सोडेल. त्या दिवसांत तेथे रापण कोठे लागते ते आजच विचारून ठेव. पेटी, रबरी कडी आणि सिलिका जेल मी घेऊन येतो. निळा बोर्डही शाळेने मला दिला आहे, तो गाडीच्या टपावर बांधून आणीन. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पोहोचतो, काकूंना तसे सांग आणि माझा नमस्कार कळव.

तुझा,
बालमित्र