नर निवडताना नावावर जाऊ नकोस

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

डेव्हनमधल्या तुझ्या सॅडलबॅक डुकरांसाठी घेतलेला नर ‘वेगळ्या लाइनचा’ (घराण्याचा) आहे, म्हणजे माद्यांच्या नात्यातला नाही, म्हणून तू निर्धास्त झालास, हे वाचून मला काळजी वाटली. ब्रिटनच्या वंशावळीत नराला बापाच्या लाइनचं नाव लागतं, मादीला आईच्या. पाच पिढ्या मागे ३२ पूर्वज असतात आणि नाव त्यातल्या एकाकडूनच येतं. बाकीचे ३१ कोण, हे त्यावरून कळत नाही.

तेव्हा दोघांच्या किमान पाच पिढ्या कागदावर मांड. सामाईक पूर्वज दिसला की नरापासून त्याच्यापर्यंत आणि तिथून मादीपर्यंतची जनावरं मोज, दोन्ही टोकांची धरून. जितकी जनावरं, तितक्या वेळा १ या आकड्याचं अर्धं करत जा. एकच आजा सामाईक असेल तर वाटेत ५ जनावरं, म्हणजे ३.१२५ टक्के. तो आजा स्वतःच सख्ख्या भावंडांच्या जोडीतून जन्मलेला असेल तर उत्तराला सव्वाने गुण, ३.९ होतात. अशा सगळ्या वाटांची बेरीज हाच पिल्लांचा इनब्रीडिंग गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई आणि बाप दोघांकडून येण्याची शक्यता. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर तो २५ येतो, सावत्र भावंडांची लावली तर १२.५. माझं म्हणशील तर ६.२५ च्या वरची जोडी लावूच नये. वंशावळीत रिकाम्या राहिलेल्या जागा हिशेबात शून्य धरल्या जातात, म्हणून अर्धवट कागदावरचा छान आकडा खरा मानू नकोस.

लोक एका गोष्टीला उगाच घाबरतात. नर स्वतः इनब्रेड (नात्यातल्या जोडीतून जन्मलेला) असला, पण तुझ्या मादीशी त्याचं नातं नसेल, तर पिल्लांचा गुणांक शून्यच येतो.

सॅडलबॅक १९६७ मध्ये एसेक्स आणि वेसेक्स या दोन जाती एकत्र करून झाली, त्यामुळे सुरुवातीला विविधता चांगली होती. ती घटते मुख्यतः नर कमी ठेवल्याने. बंद कळपात २ नर आणि १२ माद्या असतील तर दर पिढीला गुणांक साधारण ७.३ टक्क्यांनी वाढतो. माद्या २४ केल्यास तर ६.८, म्हणजे जवळजवळ तेवढाच. माद्या १२ च ठेवून नर ४ केलेस तर ४.२! जातीचं जतन करायचं तर ही वाढ १ टक्क्यावर रोखावी असं मानतात. एकट्या छोट्या कळपाला ते जमत नाही, म्हणूनच बाहेरून नर किंवा वीर्य आणावं लागतं. कळपातून पुढचे नर ठेवताना प्रत्येक नराचा एकच मुलगा ठेव. सगळ्यात देखण्या नराचे चार ठेवायचा मोह आवर.

आणि कॅलेंडर बघ. गाभणकाळ ११४ दिवसांचा, नवी मादी आठ महिन्यांच्या आसपास लागणीला (नराशी जोडी लावण्याच्या वयाला) येते. म्हणजे पहिल्या लागणीनंतर वर्षभरातच नराच्या मुली त्याच्यासमोर उभ्या राहतात. वेतातली पिल्लं कमी होणं, मेलेली किंवा अशक्त निघणं, ही लक्षणं दिसली की लोक खाद्याला दोष देतात. आधी वंशावळ तपास.

वीर्य मागवलंस तर ते १७ अंशांच्या आसपास ठेव, फ्रीजमध्ये अजिबात नको, आणि मिळाल्यावर लवकर वापर. नर आणि तुझ्या तिन्ही माद्यांचे कागद पाठव, मीही मोजून बघतो.

तुझा,
विनायक