अजून तीन वर्षं टोकियोतच, पण ऐकून तर घ्या

टोकियो

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर सांगितलं तेव्हा आई नुसतं "बरं" म्हणाली आणि बाबा, तुम्ही एकदम धोम धरणाच्या पाण्याची चौकशी केल्यासारखं इथल्या पावसाचं विचारलंत. म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझं इथलं काम तीन वर्षांनी वाढलं आहे आणि मी सही करून कागद दिलेसुद्धा. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं मन घट्ट करून "जा" म्हणाला असतात, आणि तुमचा तो आवाज ऐकून माझ्याने सही झाली नसती.

बाबा, लुडविग रीसबद्दल मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांत सांगितलंय. बर्लिनमध्ये शिकलेला, रांके या जर्मन इतिहासकाराच्या परंपरेतला हा माणूस 1887 साली, पंचविशीत, इथल्या इम्पिरियल विद्यापीठात शिकवायला आला. व्याख्यानं इंग्रजीतून द्यायचा. त्याची रीत अशी की कागद समोर ठेवायचा आणि विचारायचं, हा कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हातात आहे ते अस्सल की नक्कल. तुम्ही आम्हाला मेणवलीच्या वाड्यात उभं करून हेच विचारायचात! त्याच्या सल्ल्याने 1889 मध्ये 'शिगाकुकाई' ही इतिहासाची संस्था निघाली. तिचं नियतकालिक अजून चालू आहे.

पण एका परदेशी माणसाने येऊन सगळं उभं केलं, असं मला नाही वाटत, आणि माझा प्रबंध नेमका त्यावर आहे. शिगेनो यासुत्सुगु, कुमे कुनिताके ही इथली माणसं जुन्या कागदांची छाननी आधीपासून करतच होती. 'ताइहेइकी' या युद्धकथेतला कोजिमा ताकानोरी नावाचा राजनिष्ठ वीर खरोखर होऊन गेला याला पुरावा नाही, असं शिगेनोंनी म्हटलं आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. कुमेंना तर शिंतो धर्मावरच्या लेखापायी 1892 साली विद्यापीठातली जागा सोडावी लागली. लाडक्या वीराचा पुरावा मागितला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार. सरकारने पुढच्या वर्षी त्यांचं इतिहासलेखनाचं कार्यालयच बंद केलं. 1895 मध्ये ते पुन्हा सुरू झालं ते फक्त साधनं छापण्यासाठी, आणि 1901 पासून 'दाइ निहोन शिर्यो' या साधनसंग्रहाचे खंड निघू लागले. रीस 1902 मध्ये मायदेशी परतला. खंड आजही निघताहेत.

त्या कार्यालयाचा वारसा सांगणारी संस्था आमच्या विद्यापीठाच्या होंगोच्या आवारातच आहे. तिथे जुन्या पत्रांच्या नकला पाहायला मिळतात. मूळ पत्रावर पातळ कागद ठेवून अक्षराचा एकेक फटकारा कुंचल्याने उतरवलेला, कुठे शाई सुकत आली तेही दिसावं असा. किड्यांनी पाडलेल्या भोकांच्या कडासुद्धा बारीक रेघेने काढलेल्या. बाबा, तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून दुपारभर तिथून हलला नसतात. मला तुमची फार आठवण आली.

आता तुमचे राजवाडे. रीस 1861 चा, ते 1863 चे. 1898 साली रीसने इथल्या हिरादो बंदरातल्या जुन्या इंग्रज वखारीवरचा निबंध छापला आणि त्याच वर्षी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. एकाच्या पाठीशी विद्यापीठ, पगार, विद्यार्थी, कार्यालय. दुसरे गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरं धुंडाळत हिंडले, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघायला 1910 उजाडलं. माणूस निघून गेल्यावरही त्याची पद्धत टिकते ती कशाच्या जोरावर, हे मला इथे राहून नीट समजून घ्यायचंय. अर्धवट टाकून आले तर मलाही चैन पडणार नाही आणि तुम्हालाही. आणि मला कायमचं इथलं व्हायचं नाहीये, हे आई, तू मनात पक्कं धर. मोडीचे वर्ग पुण्यात घ्यायचं माझ्या डोक्यात आहेच.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी सोड. निशि-कासाई भागात आपली खूप माणसं राहतात, तिथल्या दुकानात तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं. भात इथला चिकट, पण वरणाशी चांगला लागतो. खोली लहान आहे, ऊबदार आहे, विद्यापीठ चालत जाण्याइतकं जवळ. भूकंपाचं म्हणशील तर घरं त्याच हिशेबाने बांधलेली असतात. आजीने सांगितलेलं कोयनेचं 1967 डोळ्यांसमोर आणून रात्र रात्र जागू नकोस. थंडीत तू दिलेली गोधडी पांघरते. आजीच्या नऊवारीचा तो जांभळा तुकडा बरोबर हनुवटीखाली येतो, आणि ताप आला की तू कपाळावर हात ठेवून बसायचीस ते आठवतं. मोठी झाले तरी तो हात लागतोच गं मला.

आता दोघांनी ऐकायचं. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन "थंडी संपू दे"वर ढकलायचं नाही. दादा तारीख घेईल, त्याच तारखेला जायचं. पावसात गणपती घाटाच्या पायऱ्या बंद, दर्शन वरूनच घ्या. माळ्यावरच्या ट्रंका काढायला स्टुलावर चढायचं नाही, अप्पांच्या वेळचं विसरला नाहीत ना? आई, संकष्टीला साखरेची गोळी बुडवतेस हे मला वहिनीने सांगितलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करायचा नाही, बाप्पाला मी समजावते. दळणाचा डबा स्वतः उचलू नकोस. मंदाला पूर्ण वेळ ठेवा, तिचे पैसे मी पाठवणार आहे आणि त्यावर वाद नको. कुणी ऐकू येत नाही म्हटलं म्हणून रागावू नका बाबा, कानाचं यंत्र खणात न ठेवता कानात घाला, म्हणजे फोनवर माझ्याशी नीट बोलता येईल.

गणपतीत येणं जमणार नाही. दिवाळीची रजा मागितली आहे, मिळाली की लगेच कळवते. तोवर कुणाला "येणारच आहे" असं सांगून ठेवू नका.

तुमची,
चिमी

ता. क. दादाचा मित्र इकडे येतोय म्हणे. त्याच्याबरोबर लसणाची चटणी दे, पण डबा दोनदा पिशवीत गुंडाळ. आणि बाबा, मोडीच्या तुमच्या वहीची पहिली चार पानं दादाकडून फोटो काढून पाठवा. इथल्या वर्गात दाखवायची आहेत.