माहेरच्या पत्त्यावर आलेलं पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन आहे. त्या निमित्ताने मला एक विनंती करायची आहे, विशेषतः ज्या घरांतल्या मुली लग्न होऊन गेल्या आहेत त्या घरांना.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सांगलीच्या खणभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. पूर ओसरल्यावर चिखलातून ट्रंक काढली आणि आतली पत्रं गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. शाईच्या पेनाने लिहिलेली सगळी धुऊन निघाली होती, निळे डाग तेवढे उरले. बॉलपेनची वाचता आली. त्यात डी.एड.च्या मैत्रिणीचं १९८१ सालचं पोस्टकार्ड होतं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली असताना लिहिलेलं.

१९७६ ते ७८ आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. मला चित्रं जमत नसत. माझ्या सराव पाठांचे तक्ते ती करायची आणि तिची पाठांची टाचणं मी शुद्ध करून द्यायची. माझ्या पाठांना चांगले गुण पडले, त्यातले निम्मे तिचे होते.

तिला शोधायचं कसं? माझ्या नवऱ्याला त्यांचे शाळेतले मित्र मोबाइलवर एका संध्याकाळात सापडले होते, कारण त्यांची नावं तीच होती. आम्हा बायकांचं तसं नाही. आडनाव तर जातंच, तिचं लग्नात नावही बदललं होतं. मुलाने तासभर शोधलं, पण शोधणार कोणत्या नावाने? माझ्या हाती होता तो आटपाडी तालुक्यातला तिच्या माहेरचा पत्ता, तोही अडतीस वर्षांपूर्वीचा.

अडीच रुपयांचं अंतर्देशीय आणलं. वर तिच्या वडिलांचं नाव, त्याखाली ‘किंवा घरातील कोणीही’. घ्यायला कोणी नसलं तर परत यावं म्हणून माझा पत्ता मागे नीट लिहिला. आत एवढंच की, मी तुमच्या मुलीची मैत्रीण, ती सध्या कुठे असते ते कळवा.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तिच्या भाचेसुनेचं. वहीच्या पानावर चार ओळी. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आत्या सोलापूरला असतात, हा पत्ता. त्या मुलीने मला कधी पाहिलेलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मग सोलापूरला लिहिलं आणि मैत्रिणीचं पत्र आलं. ‘आई-वडील गेले, दादा गेला. त्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी नाही. तू पाकिटावर कंसात ते नाव घातलंस, ते मी नातवाला दाखवलं.’

आता दोघींकडे एकमेकींचे नंबर आहेत, तरी महिन्याला एक पत्र ठरलेलं आहे. तिची जुनी कार्डं मी पुन्हा वाचली. ‘आम्ही सर्व खुशाल. पाऊस बरा आहे.’ पोस्टकार्ड उघडं, आणि अंतर्देशीय आलं तरी ते आधी सासऱ्यांच्या हाती जायचं. खुशालीपलीकडे ती लिहिणार काय? तिने नोकरी का सोडली ते मला आत्ता कळलं, आठ पानी पत्रातून. फोनवर ती हे बोलली नसती, तिच्या घरात फोन सगळ्यांसमोर होतो. दुपारी घर झोपलं की ती लिहायला बसते. माझ्या नवऱ्याचं आजारपणातलं शेवटचं वर्ष कसं गेलं, तेही मी पहिल्यांदा तिलाच लिहिलं. मुलांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा भगिनींनो, एखाद्या मैत्रिणीच्या माहेरचा पत्ता आठवत असेल तर दिवाळीआधी लिहा. घरात कोण राहतं ठाऊक नसलं तरी लिहा. आणि तुमच्याकडे आत्याच्या किंवा बहिणीच्या जुन्या नावाने पत्र आलं, तर ‘इथे राहत नाहीत’ म्हणून बाजूला टाकू नका. चार ओळींत तिचा पत्ता कळवा किंवा पत्र तिच्यापर्यंत पोचवा.

माझी आणखी दोन पत्रं गेली आहेत, एक कवठेमहांकाळ तालुक्यात, दुसरं पलूस तालुक्यात. उत्तर नाही, पण दोन्ही परतही आलेली नाहीत. म्हणजे ती कोणाच्या तरी घरात आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
खणभाग, सांगली