सुलूस पत्र

हाँगकाँग

प्रिय सुलू,
सप्रेम नमस्कार.

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही, याची खंत मनात आहेच. पण सहा आठवडे तार षड्जाला, वरच्या सा ला, माझा आवाज फाटतो आहे आणि ते ऐकून तुझ्याशिवाय कुणाला धस्स होणार नाही. बाकी प्रकृती ठीक.

शेजारणीने सांगितले म्हणून मी रोज पांग-दा-हाय पीत होते. हे सुरकुतलेले तपकिरी बी गरम पाण्यात फुगून पेलाभर बुळबुळीत गर होते आणि चीनमधले गायक व शिक्षक ते घशासाठी घेतात. काल को शिंग रस्त्यावर, जिथे वनौषधींची दुकाने ओळीने आहेत, एका वृद्ध वैद्यांनी नाडी व जीभ पाहून ते आधी बंद करायला लावले. त्यांच्या शास्त्रात ते थंड औषध. घशात आग होत असेल तर ते द्यायचे, गारठ्याने बसलेल्या घशाला नाही. आपल्या गाण्याच्या बाईसुद्धा काही देण्याआधी "घसा जळतोय की बसलाय?" असेच विचारायच्या ना?

वैद्यांनी दोनच मुळे बांधून दिली, जिएगंग आणि गाम चो. गाम चो म्हणजे गोड गवत. तुकडा चघळला आणि जिभेवर बाईंच्या पितळी डबीतला ज्येष्ठमध आला. झाड त्याच कुळातले, अगदी सख्ख्या बहिणीसारखे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्याने लिहून ठेवले आहे की घसा दुखत असेल तर आधी नुसत्या गाम चोचा काढा द्यावा, गुण आला नाही तर त्याला जिएगंगची जोड द्यावी, दोन भाग गाम चोला एक भाग जिएगंग या प्रमाणात. परीक्षेच्या आदल्या रात्री तू ज्येष्ठमध पुढे केलास आणि मी मिठाच्या गुळण्यांचा हट्ट धरून दोन दिवस अबोला धरला होता. त्या भांडणात तुझेच खरे होते.

काढ्याने घसा मऊ वाटतो, पण आवाज तसाच आहे, आणि मला भीती हीच आहे की दुखणे घशात नसून स्वरतंतूंवर असेल. तीन-चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर स्वरयंत्र पाहून घ्यायचे असते, हे माहीत असूनही मी गोड मुळांच्या आधाराने दिवस ढकलले. सोमवारी तपासणी आहे.

तुझा रक्तदाब कसा आहे? रोज ज्येष्ठमध चघळत असशील तर थांबव. त्याने दाब चढतो आणि अंगातले पोटॅशियम घटते. घराचे काम संपले का? मुलांना आशीर्वाद.

सोमवारच्या आत तुझ्या आवाजातला यमन पाठव, थोडा आलाप पुरे.

तुझी,
मंगल